काट्यावरचे पंच्याऐंशी मिली : माहिती प्रणाली विषयाच्या एका सत्राचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं महाविद्यालय आहे. बीबीएच्या पहिल्या वर्षाला, दुसऱ्या सत्रात 'व्यवसायातील माहिती प्रणाली' हा विषय असतो. तो मी शिकवते. इथे मांडलेलं प्रकरण जानेवारी ते एप्रिल २०२४ या सत्राचं आहे. गावाचं, दूध संस्थेचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत.

विषयाची चौकट कुठल्याही विद्यापीठात असते तशीच आहे. डेटा आणि माहिती यांतला फरक, प्रणालीचे प्रकार, डेटाबेस आणि नेटवर्क, शेवटी ईआरपी (संस्थेच्या सगळ्या विभागांची कामं एकत्र जोडणारी प्रणाली), ई-कॉमर्स आणि सुरक्षा. रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या तीन पातळ्यांचा त्रिकोण फळ्यावर काढायचा : खाली रोजचं कामकाज, मध्ये व्यवस्थापनाचं नियंत्रण, वर धोरण. त्या त्रिकोणात कुठली प्रणाली कुठे बसते ते सांगायचं आणि मुलांनी उतरवून घ्यायचं. वर्गात साठेक मुलं. निम्म्याहून जास्त घरांत गाय किंवा म्हैस आहे आणि सकाळी डेअरीत दूध घालूनच बरीच मुलं कॉलेजला येतात.

अडचण

आदल्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत एका मुलाला मी नेहमीचा प्रश्न विचारला : डेटा आणि माहिती यांत फरक काय? त्याने एका दमात उत्तर दिलं, "डेटा म्हणजे कच्ची तथ्यं, माहिती म्हणजे प्रक्रिया केलेला डेटा." त्याच्या शर्टाच्या खिशातून दुधाची पावती डोकावत होती. ती मी टेबलावर ठेवायला सांगितली आणि विचारलं, यातलं डेटा कुठलं आणि माहिती कुठली?

पावतीवर सभासद क्रमांक होता. तारीख, सकाळ, गाय, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. तो बराच वेळ पावतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हे तर दुधाचं आहे."

पुस्तकातला विषय आणि खिशातली पावती यांचा काही संबंध असेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला सत्रभर शिकवलं होतं मीच. त्या दिवशी पुढच्या दहा-बारा मुलांनाही मी तोच प्रश्न विचारला. दोघांनी प्रयत्न केला, बाकीच्यांनी पुन्हा व्याख्या म्हणून दाखवली. लेखी परीक्षेत याच मुलांना चांगले गुण होते, कारण पेपरात व्याख्याच विचारतात.

समोरचे पर्याय

पुढच्या वर्षासाठी विषय कसा शिकवायचा याचा उन्हाळ्याच्या सुट्टीत विचार केला. आहे तसंच चालू ठेवणं हा पहिला पर्याय, आणि तो वाटतो तितका वाईट नव्हता. निकाल चांगला लागत होता, अभ्यासक्रम वेळेत संपत होता, पालकांची तक्रार नव्हती. दुसरा पर्याय संगणक कक्षात जास्त तास घेण्याचा : एक्सेल, टॅली. पण आमच्याकडे चालू स्थितीतले संगणक वीसेक, आणि त्यांवर बाकीच्या वर्गांचाही हक्क. शिवाय टॅली येणं म्हणजे माहिती प्रणाली कळणं नव्हे. कळ कुठली दाबायची हे शिकलेला मुलगा, आकडा कुठून आला हे विचारायला शिकतोच असं नाही.

तिसरा पर्याय तयार उदाहरणांचा. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्या, ऑनलाइन विक्रेते, त्यांची गोदामं. पाठ्यपुस्तकात ती असतातच. मी त्याऐवजी वारणेचं उदाहरण काढलं होतं. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांमध्ये सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने संगणक केंद्रं सुरू झाली होती. ऊसनोंद, तोडणी, टनेज, खत यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा हेतू. पुढे काही गावांत संशोधकांनी त्या संगणकांच्या जागी साध्या मोबाईलवरचे एसएमएस वापरून पाहिले, कारण केंद्रांवरचं प्रत्यक्ष काम बहुतेक ऊसनोंदीच्या ठरावीक चौकशीपुरतंच उरलं होतं आणि तेवढ्याला संगणकाची गरज नव्हती. आपल्या शेजारची गोष्ट असल्याने मुलं ती कान देऊन ऐकतात. तरी ती ऐकलेलीच गोष्ट राहते.

चौथा पर्याय होता सगळ्या वर्गाने एकच खरी संस्था सत्रभर बघायची. साखर कारखान्याला विचारलं, गळीत हंगामात त्यांना सवड नव्हती. बाजार समितीकडून उत्तर आलं नाही. राहिली दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ उघडी, मुलांच्या पायाखालची, आणि आकाराने एका सत्रात पुरी होईल इतकी लहान : दूध घालणारे १८० च्या आसपास, एक काटा, एक फॅट मशीन, एक संगणक, दूध थंड ठेवणारा एक बल्क कूलर, एक सेक्रेटरी आणि एक मदतनीस.

गटागटाने वेगवेगळी दुकानं घ्यावीत असं विभागातल्या सहकाऱ्यांचं मत होतं. विविधता आली असती हे खरं. पण बारा गटांनी बारा दुकानं घेतली असती, तर कोणाचं चुकलं आणि कोणाचं बरोबर हे ताडून बघायला कोणीच नसतं. एकाच जागेवर साठ जोड डोळे लागले की एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. हा निर्णय मी पुन्हाही तसाच घेईन.

दूध संस्थेत

सेक्रेटरींना सगळे तात्या म्हणतात. पहाटे पाचला शटर उघडतात आणि रात्री साडेआठला टँकर गेल्यावर घरी जातात. परवानगी त्यांनी लगेच दिली. अट एकच घातली : "पोरांनी रांगंत मधे मधे येऊ नये. दूध थांबलं की माणसं माझ्या अंगावर येत्यात."

पहिल्या दोन आठवड्यांत मुलांना एकच काम दिलं. एका पावतीचा जन्म कसा होतो ते लिहून आणायचं. किटली काट्यावर ओतली जाते, नमुना मशीनखाली जातो, सभासद क्रमांक टाइप होतो, पावती निघते. एवढंच लिहून आणलेल्यांना परत पाठवलं. क्रमांक कोण सांगतं, माणूस सांगतो की तात्यांना पाठ असतो? चुकून दुसऱ्याचा पडला तर कळतं कधी? वीज गेली तर? लाईट नसताना लिहिलेली वही संगणकात कोण चढवतं आणि कधी? या प्रश्नांची उत्तरं आणताना मुलांना प्रणालीत माणूस आणि वही दोन्ही दिसायला लागली. एका गटाने लिहिलं होतं की तात्या सकाळच्या गर्दीत क्रमांक विचारतच नाहीत, किटली बघून टाकतात. चुकीची नोंद आत जाऊ नये म्हणून केलेल्या अशा सोयीला पाठ्यपुस्तकात इनपुट कंट्रोल म्हणतात. इथे तो किटलीच्या कडीला बांधलेल्या लाल चिंधीत होता.

दरपत्रकानेही खूप शिकवलं. भिंतीवर चिकटवलेला, दुधाच्या थेंबांनी कडा पिवळ्या पडलेला कागद. आडवा एसएनएफ, उभा फॅट, आणि छेदाच्या चौकोनात दर. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा गायीच्या दुधाचा पाया, तिथून वर-खाली पॉइंटला पैसे वाढतात किंवा तुटतात. मुलांनी तो तक्ता जसाच्या तसा एक्सेलमध्ये उतरवला आणि पावतीवरून रक्कम काढून बघायला लागली. मी चार वर्षं लुकअप टेबल फळ्यावर शिकवला होता. इतक्या चटकन तो कुठल्याच वर्गाला कळला नव्हता.

अनुदानाची यादी

याच सुमारास एक गोष्ट आमच्या योजनेत नसताना समोर आली. राज्य सरकारने जानेवारी २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यायला सुरुवात केली. पैसे थेट उत्पादकाच्या बँक खात्यात जाणार होते. त्यासाठी खातं आधारशी जोडलेलं हवं, गायीच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला हवा आणि त्या बिल्ल्याची 'भारत पशुधन' प्रणालीत नोंद हवी. ही सगळी माहिती दूध संस्थांकडून वर जायची होती.

तात्यांच्या संगणकातली सभासदांची यादी त्यासाठी कधी बनलीच नव्हती. एका क्रमांकावर आजोबांचं नाव, आणि आजोबांना जाऊन नऊ वर्षं झालेली. दूध सून घालते, बिल मुलगा घेऊन जातो, खातं आजीच्या नावावर. एकाच घराचे तीन क्रमांक, कारण भाऊ वेगळे झाले आणि पुन्हा एकत्र आले. आधारवर एक स्पेलिंग, पासबुकावर दुसरं. काही गायींचे बिल्ले दाव्याला घासून पडलेले. इतकी वर्षं यात कोणाचं अडलं नव्हतं. दहा दिवसांनी बिल रोखीने हातात पडत होतं आणि तात्यांना माणूस माहीत होता. यादीतली चूक तात्यांच्या डोक्यात दुरुस्त होत होती. सरकारच्या प्रणालीला तात्यांचं डोकं मिळणार नव्हतं.

मास्टर डेटा, म्हणजे बाकीचे सगळे व्यवहार ज्यावर उभे असतात ती मूळ यादी, म्हणजे काय हे समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला आयुष्यात मिळणार नाही. मी भारावून गेले आणि तिथेच चुकले.

तात्यांनी विचारलं, पोरं यादी भरायला मदत करतील का. मुलं उत्साहात होती. घरोघरी जाऊन माहिती आणायची, तात्यांच्या फाइलमध्ये भरायची. मी होकार दिला. तिसऱ्या दिवशी एक मुलगी मोबाईल घेऊन आली. पासबुकाचा फोटो धूसर आला होता, खाते क्रमांकातला एक आकडा तीन आहे की आठ हे तिला हवं होतं. फोटो त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात होता. मी बोटाने वर सरकवत गेले. आधार कार्डं, पासबुकं, अंगठे, एका म्हाताऱ्या बाईंच्या कार्डावरचा फोटो. चाळीसच्या वर फोटो, अठरा मुलांच्या गटात, अठरा मोबाईलमध्ये. त्या गटाचं नाव होतं 'डेअरी प्रोजेक्ट'.

वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्येच मंजूर केला होता. माझ्या शेवटच्या युनिटच्या टिपणात तो होता, आणि माझीच मुलं गावाची आधार कार्डं मोबाईलमध्ये घेऊन फिरत होती.

त्याच दुपारी वर्गात सगळ्यांकडून फोटो पुसून घेतले, गट बंद केला. प्रत्येकाने गॅलरी आणि बॅकअप दोन्ही तपासायचं. तात्यांना सांगितलं की मुलं आकडे भरणार नाहीत. ज्या घरांत कागदाचा गोंधळ आहे, तिथल्या माणसाला कुठला कागद घेऊन यायचा एवढंच मुलं समजावतील, आणि कागद तो माणूस स्वतः तुमच्याकडे आणेल. तात्यांना ते आवडलं नाही. मुदत जवळ होती आणि हात कमी पडत होते. पण मी मागे हटले नाही. ज्या घरांतून फोटो आणले होते तिथे मुलांना पुन्हा पाठवून, फोटो पुसले आहेत हे सांगायला लावलं. एका आज्जीने विचारलं, "मग घेतलं कशाला?" उत्तर मुलाकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

काट्याचा प्रश्न

फेब्रुवारीच्या मध्यावर एक विद्यार्थिनी तासानंतर थांबली. तिच्या घरी दोन गाई. दुधाला सकाळी तीच जाते. ती म्हणाली, "मॅडम, माझं काहीतरी चुकतंय. पावतीचं लिटर माझ्या हिशोबाला येत नाही."

तिने काट्याच्या लाल आकड्यांकडे बघून वहीत लिहिलं होतं : ६.६८ किलो. लिटर काढायला सॉफ्टवेअर १.०३ ने भागतं हे तात्यांनीच सांगितलं होतं. भागाकार ६.४८५. पावतीवर ६.४, म्हणजे पंच्याऐंशी मिली कमी. जवळच्या आकड्याला पूर्ण केलं असतं तर ६.५ यायला हवे होते. तिला वाटलं काट्याचा आकडा वाचण्यात आपली चूक झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, संध्याकाळीही लिहिलं. प्रत्येक वेळी पावती खालीच.

मी तीन गटांना चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, रांगेला अडथळा न करता फक्त काट्याचा आकडा आणि पावतीचा आकडा लिहायला बसवलं. चित्र स्वच्छ होतं. पहिल्या दशांशाच्या पुढचं सगळं छाटलं जात होतं. कधी दहा मिली, कधी नव्वद. सरासरी पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे छाटणीत यावी तितकीच. काटा बरोबर होता, त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का होता. चूक काट्यात नव्हतीच, काट्यानंतरच्या एका ओळीत होती.

मुलांनी गणित मांडलं. दिवसाला दोन वेळा, म्हणजे दहा दिवसांच्या बिलात वीस वेळा दूध. वीस गुणिले पंचेचाळीस, नऊशे मिली. वर्षाला ७३० वेळा, म्हणजे जवळपास ३३ लिटर. त्या वेळच्या २७ रुपये दराने वर्षाला नऊशे रुपयांच्या आत-बाहेर, एका घराचे. १८० घरांचे रोज सोळा लिटर.

पण खरा मुद्दा एका शांत मुलाने काढला. तो म्हणाला, पंचेचाळीस मिली सगळ्यांचे सारखेच जातात, पण दोन लिटर घालणाऱ्याचे ते सव्वादोन टक्के आहेत आणि वीस लिटर घालणाऱ्याचे पाव टक्काही नाहीत. मी खडू खाली ठेवला. एका दशांशस्थळाच्या सेटिंगमुळे एका गायवाल्यावर दहा गायवाल्याच्या दहापट भार पडत होता, आणि असं व्हावं हे कोणी ठरवलंच नव्हतं.

दूध काट्यावर शंभर मिलीच्या खालचं धरत नाहीत, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. आमच्या वर्गात नवीन इतकंच होतं की ती आता वहीत आकड्यांनी उभी होती आणि तिच्याखाली विद्यार्थ्यांची नावं होती.

आता काय करायचं? अहवालातून हा भाग गाळता आला असता. किंवा अहवाल वर्गातच ठेवून गुण देता आले असते. थेट वैधमापनशास्त्र विभागाकडे जाता आलं असतं. किंवा आधी तात्यांना आणि मग संचालक मंडळाला दाखवता आलं असतं. गुंतागुंत अशी की आमच्या शिक्षण संस्थेतले एक पदाधिकारी त्याच दूध संस्थेचे संचालक होते. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि काळजीने विचारलं, "मॅडम, अभ्यासक्रमात काटा कुठं आहे?"

मी म्हटलं, युनिट दोन, व्यवहार प्रक्रिया प्रणाली. हे उत्तर खरं होतं, पण त्यांच्या प्रश्नाचं नव्हतं. त्यांना भीती मुलांची होती. ज्या घरांचं दूध त्या काट्यावर जातं त्याच घरांतली ही मुलं. उद्या कोणाच्या वडिलांना रांगेत चार शब्द ऐकावे लागले तर?

गाळणं मला मान्य नव्हतं. आकडा कुठून आला हे विचारायला शिकवायचं आणि उत्तर मिळाल्यावर गप्प बसायला लावायचं, हे एकाच सत्रात होऊ शकत नाही. सरळ तक्रार करणंही पटलं नाही, कारण तात्यांची बाजू आम्ही अजून ऐकली नव्हती. ठरलं ते असं : अहवालात एकाही सभासदाचा क्रमांक किंवा कोणी कुठली नोंद घेतली याचा उल्लेख नसेल, फक्त सरासरी. आधी तात्यांना एकटं दाखवायचं. त्यानंतर मंडळाकडे मी स्वतः नेणार, मुलं नाहीत.

तात्या आणि संचालक मंडळ

तात्यांनी कागद दोनदा वाचला. रागावले नाहीत. संस्था ज्याला दूध पाठवते त्या दूध संघाच्या पावत्या कपाटातून काढल्या आणि आमच्यासमोर ठेवल्या. टँकरमधलं दूध संघाच्या काट्यावर पुन्हा मोजलं जातं. सांडलं, पाईपला राहिलं, तर तिथे घट येते आणि ती संस्थेच्या अंगावर पडते. वरचे मिली त्या घटीला उपयोगी पडतात. उरतं ते वाढावा म्हणून पुस्तकात जमा होतं आणि दिवाळीच्या फरकात, म्हणजे दुधावर दिवाळीला मिळणाऱ्या जादा रकमेत, सभासदांनाच वाटलं जातं.

हे सगळं खरं होतं. पुस्तकं आमच्यासमोर होती, कोणी काही खिशात घातलं नव्हतं. पण फरक लिटरवर वाटला जातो. म्हणजे लहानाकडून जास्त प्रमाणात कापलेलं, मोठ्याला जास्त प्रमाणात परत जात होतं. हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "असं कधी मांडून बघितलंच नाही, मॅडम."

दशांश एकच का, याचा शोध त्यांनीच लावला. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, सेटिंग आहे, एक किंवा दोन, आणि बसवताना जुनं रजिस्टर समोर होतं, त्यात लिटरच्या रकान्यात एकच दशांश होता म्हणून एक ठेवलं. जुन्या काळी मापाने दूध घ्यायचे, त्यात शंभर मिलीच्या खाली मोजताच येत नव्हतं. मापाची मर्यादा रजिस्टरात आली, रजिस्टरातून प्रोग्रॅममध्ये गेली आणि दोन दशांश दाखवणारा काटा आल्यावरही तिथेच बसून राहिली.

मंडळाची बैठक मार्चमध्ये झाली. मी वीस मिनिटं बोलले. दोन संचालक नाराज होते. एकांनी विचारलं, हे कॉलेजचं काम आहे का. आमच्या शिक्षण संस्थेचे पदाधिकारी सबंध वेळ काही बोलले नाहीत, आणि त्यांनी अडवलंही नाही याचं मला बरं वाटलं. चेअरमननी विचारलेला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता : वाढावा बंद झाला तर घट कुठून भरायची?

काय झालं

१ एप्रिल २०२४ पासून पावतीवर लिटर दोन दशांशांत यायला लागले. घटीसाठी लिटरमागे काही पैशांची कपात सुरू झाली, आणि ती पावतीवर वेगळ्या ओळीत छापली जाते. ती लिटरच्या प्रमाणात असल्याने दोन लिटरवाल्याला दोन लिटरइतकीच लागते. पहिल्या बिलाला गोंधळ झाला. बऱ्याच जणांना वाटलं संस्थेने नवीन कपात आणली. आधी न दिसता जात होतं ते आता दिसत होतं, आणि दिसलं म्हणून तक्रार झाली. तात्यांना आठवडाभर रांगेत समजावत बसावं लागलं. त्यात आमच्या मुलांनी मदत करायला हवी होती, पण तोवर परीक्षा तोंडावर आली होती.

विषयाचं म्हणाल तर निकाल आदल्या वर्षाइतकाच लागला. पेपर तोच होता, व्याख्याच विचारल्या होत्या. शेवटचं युनिट मला घाईत उरकावं लागलं. ईआरपी आणि ई-कॉमर्स मिळून जेमतेम आठ तास झाले. चार-पाच मुलांनी लेखी अभिप्रायात अभ्यासक्रम नीट पूर्ण झाला नाही असं लिहिलं आणि ते बरोबर आहे. तोंडी परीक्षेत मात्र पावती पुढे ठेवल्यावर एकानेही व्याख्या म्हणून दाखवली नाही. एकीने उलट मला विचारलं, "एसएनएफ मशीन मोजतं की फॅट आणि डिग्रीवरून, म्हणजे लॅक्टोमीटरच्या आकड्यावरून काढतं, ते सांगा. मग डेटा की माहिती ते मी सांगते."

वेगळं काय करता आलं असतं

आधार कार्डांची चूक टाळता येण्यासारखी होती आणि ती पूर्णपणे माझी. सुरक्षा आणि गोपनीयता हे युनिट शेवटी ठेवायचं, हा क्रम पुस्तकाचा. मुलं खऱ्या माणसांच्या नोंदींना हात लावणार असतील तर तो भाग पहिल्या आठवड्यात यायला हवा. आता मी तो पहिल्या तासाला घेते आणि काय बघायचं, काय लिहायचं, कशाचा फोटो अजिबात काढायचा नाही, हे एका कागदावर सह्या घेऊन ठरवते.

परवानगीही मी तोंडी घेतली होती. तात्यांनी हो म्हटलं ते मुलं येऊन बघतील याला. काटा मोजायला नव्हे. मंडळाला सुरुवातीलाच पत्र देऊन, काही वावगं आढळलं तर ते आधी तुम्हालाच दाखवू, असं लिहून दिलं असतं, तर मार्चची बैठक इतकी अवघड गेली नसती. प्राचार्यांशीही मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

चार दिवस काट्याजवळ बसून आकडे लिहिणाऱ्या मुलांबद्दल मला अजून खात्री वाटत नाही. तात्यांना माहीत होतं की मुलं काहीतरी टिपतायत, पण नेमकं काय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर त्या चार दिवसांत आकडे बदलले असते, अशी शंका मनात होती. तात्या तसं करणारे नाहीत हे नंतर कळलं, पण तेव्हा ते माहीत नव्हतं. यावर विभागात आमचं एकमत नाही. एक सहकारी म्हणतात, तपासणी सांगून होत नाही. मला वाटतं, आम्ही तपासायला गेलो नव्हतो, शिकायला गेलो होतो.

आणि फॅट तसाच राहिला. मशीनवर ३.५६ दिसतं, पावतीवर ३.५ येतं. मुलांनी ते मार्चमध्येच पाहिलं होतं, पण दरपत्रकच एका दशांशाचं आहे आणि ते संघाकडून येतं. तात्यांच्या संगणकातली सेटिंग बदलून ते सुटत नाही. या वर्षीच्या मुलांनी संघाला भेटीची परवानगी मागणारं पत्र लिहिलं आहे, मजकूर त्यांचाच, सही माझी. अजून उत्तर आलेलं नाही.